विठाई, मुक्ताई आणि वीणा



वारीच्या वाटेवर एक शब्द पोलिसालाही लागतो आणि चहावाल्यालाही. 'माऊली, जरा कडेने चला', 'माऊली, सुटे पैसे द्या'. हाक ऐकून वळतो तो सहा फुटी, मिशाळ, खांद्यावर पताका घेतलेला शेतकरी. त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. दुसऱ्या कोणत्याही गर्दीत गड्याला आई म्हणून हाक मारून पाहा, तो हसेल नाहीतर भांडायला उठेल. आपल्याकडे ही हाक इतकी अंगवळणी पडली आहे, की ती केवढी मोठी गोष्ट आहे तेच आपल्या ध्यानातून गेले.

ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली ती शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६. वय अवघे एकवीस. संसार नाही, मूलबाळ नाही. त्या पोरसवदा संन्याशाच्या पोराला सगळ्या महाराष्ट्राने आई केले. पांडुरंगाचेही तसेच. पोथीत तो विठ्ठल, गावात विठोबा, पण जीव कासावीस झाला की विठाई. कोणी म्हणेल, हा नुसता लाडाचा प्रत्यय आहे, त्यात काय एवढा अर्थ काढायचा? त्यांनी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाचा आरंभ उघडावा. तिथे महाराज गुरुकृपेला वंदन करतात. गुरू निवृत्तिनाथ पुरुष, शिष्य पुरुष, विषय योगाचा. तरीही त्या कृपादृष्टीला ते आई करून टाकतात. ती साधकाला मांडीवर घेते, पाजते, अनाहताची अंगाई गाते, झोपवते. कुंडलिनीच्या आणि सतराव्या कळेच्या गोष्टी पाळण्याच्या भाषेत सांगितल्या आहेत. हे उपमेसाठी उपमा देणे नव्हे. योग्याला जे कळले ते सांगायला त्याच्याजवळ बाळंतिणीच्या खोलीतल्या शब्दांपेक्षा नेमके शब्दच नव्हते.

अमृतानुभवाच्या पहिल्या प्रकरणात तर शिव आणि शक्ती एकाच घरचे जोडपे म्हणून येतात, आणि त्या घरात सगळा पसारा मांडणारी, सगळ्याला रूप देणारी ती असते. तो तिच्यावाचून दिसतसुद्धा नाही. ज्यांना तत्त्वज्ञानाची आवड आहे त्यांनी ते प्रकरण सावकाश वाचावे. मी इथे पुढे जातो, कारण मला तत्त्वज्ञानापेक्षा जात्याविषयी जास्त बोलायचे आहे.

ओवी आली कुठून? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला. त्यात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशे वर्षे तरी ओवी बायकांच्या तोंडी होती, उखळाजवळ होती. १२९० साली नेवाशाला गीतेवर बोलायला बसताना ज्ञानोबारायांनी संस्कृत वृत्तांना बाजूला ठेवले आणि ती बायकांची ओवी उचलली. आपला मुख्य ग्रंथ बायकांच्या चालीत उभा आहे. पारायणाला बसणाऱ्या किती जणांच्या हे मनात येते, पांडुरंग जाणे. आमच्या खानदेशात विसाव्या शतकात बहिणाबाई चौधरींनी घरोट्यापाशी बसून जे गाइले, ते याच उखळा-जात्याच्या वंशातले. आसोद्याच्या त्या माउलीला अक्षर लिहिता येत नव्हते.

आता गवळणीकडे येऊ. माझे गाव सारंगखेडा, तापीच्या काठी. मार्गशीर्षी पौर्णिमेला, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि त्याबरोबर मुलखात नावाजलेला घोडेबाजार. माझ्या तरुणपणी यात्रेत रात्री एका अंगाला भजन-कीर्तन चाले आणि दुसऱ्या अंगाला तमाशाचे तंबू. दोन्हीकडे गवळण असे. तमाशात गण झाला की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, पेंद्या, आणि मावशी. ही मावशी म्हणजे लुगडे नेसलेला गडी. जुन्या काळी तर नाचणारी गौळणही पुष्कळदा पोऱ्याच असे. आणि इकडे आमच्या काल्याच्या कीर्तनातही गवळण. इथेही गाणारा पुरुष, बोलणारी बाई. दोन्ही तंबूंमध्ये पुरुष बाईचे सोंग घेतो, मग फरक कोणता?

पुष्कळ जण म्हणतात, तिकडे शृंगार, इकडे भक्ती. हे उत्तर मला कधीच पुरेसे वाटले नाही. शृंगार इकडेही आहे. ज्ञानोबारायांच्या विराण्या वाचा. तिथे विरहिणीला चांदणे सोसत नाही, चंदन सोसत नाही. तुकोबांच्या गाथेत विराण्यांचा वेगळा गट आहे, आणि त्यातली नायिका घरची लग्नाची बायको नव्हे. तिने घरधन्याला टाकून परपुरुषाशी नाते जोडले आहे आणि ती ते चारचौघांत सांगते. घरधनी म्हणजे संसार आणि परपुरुष म्हणजे पांडुरंग, हे निरूपण आपल्याला पाठ असते. पण देहूच्या वाण्याने, घरी बायको-मुले असलेल्या माणसाने, गावाने ओवाळून टाकलेल्या बाईचे तोंड का घ्यावे? पतिव्रतेचे घेता आले असते.

मला जे उमगले ते असे. भक्ताला देवासाठी सगळे सोडायचे असते. पुरुषाने घर सोडले तर लोक त्याला साधू म्हणतात, पाया पडतात. त्याच्या सोडण्याला किंमत पडत नाही. बाईने उंबरा ओलांडला तर तिचे माहेर जाते, सासर जाते, नाव जाते, परतीची वाट जाते. पुरते सोडणे म्हणजे काय हे दाखवायला तुकोबांना पुरुषाचे आयुष्य अपुरे पडले. म्हणून त्यांनी बाईचे घेतले. तमाशातल्या मावशीला लुगड्यातून हसू मिळवायचे असते. संताला लुगड्यातून जोखीम घ्यायची असते. फरक मी इथे मानतो.

माहेराचेही असेच. पंढरी हे माहेर, ही आपली सर्वांत लाडकी उपमा. साठीचा शेतकरी पेरणी आटोपून म्हणतो, 'माहेराला निघालो'. त्याला सासुरवास कधी नव्हता. तो ज्या घरात जन्मला त्याच घरात म्हातारा झाला. माहेराची ओढ म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे ते आई, बहीण, बायको यांच्या डोळ्यांत पाहून. ही उसनी घेतलेली ओढ आहे. उसने घेणे वाईट नव्हे, पण कोणाकडून घेतले ते आठवावे.

नाथांनी तर बाईचे तोंड इतक्या वेळा घेतले की मोजदाद करू नये. एकनाथ महाराज पैठणचे, १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ मानतात. आमच्या गावाचे दैवत दत्त, आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त. घरोघर म्हटली जाणारी दत्ताची आरती नाथांचीच. त्या विद्वान ब्राह्मणाने भारुडात जोगवा मागितला, महारीण झाला, कैकाडीण झाला, कोल्हाटीण झाला. आणि 'रोडगा' या भारुडात सासुरवाशीण सून झाला. ही सून भवानीला नवस बोलते. सासू, जाऊ, नणंद, दादला, एकेकाची तक्रार करते, सगळे वाटेतून जाऊ देत म्हणते, आणि शेवटी आपल्याला एकटीला राहू दे असे मागते. भारुडी डोईवर पदर घेऊन उभा राहिला की मंडप हसून लोळतो. मग निरूपण होते: ही सासू-नणंद म्हणजे आपल्यातले विकार, दादला म्हणजे अहंकार, आणि एकटी उरणे म्हणजे कैवल्य.

तो अर्थ खराच आहे. मी कित्येक वर्षे तोच सांगितला. एकदा शहादा भागातल्या एका सप्ताहात भारूड झाले, पंगत बसली, आणि एक म्हातारी वाढता वाढता माझ्यापाशी थांबली. अहिराणीत म्हणाली, अर्थ फार चांगला लावला बुवा, पण माझी सासू खरी होती. आणि पुढच्या पानावर भात वाढायला गेली. तिने मला उत्तर मागितले नव्हते.

नाथांनी हे भारूड बायकांचे दुःख ऐकल्याशिवाय रचले असेल असे मला वाटत नाही. एवढी बारीक तक्रार, नणंदेच्या पोराच्या किरकिरीपर्यंतची, ओसरीवर बसून सुचत नाही. ज्याने ते ऐकले त्याने त्यातून वैराग्य काढले. पण वैराग्य काढून घेतल्यावर दुःख संपले असे धरून चालणे ही नाथांची रीत नव्हे, ती आम्हा निरूपणकारांची घाई आहे. नाथांचेच 'रुक्मिणीस्वयंवर' घ्या, १५७१ मध्ये काशीत पुरे झालेले. त्यात रुक्मिणी जीव आणि कृष्ण शिव. ती भावाने ठरवलेला वर नाकारते, आपल्या मनाचा नवरा निवडते, स्वतः पत्र लिहिते. आणि आपण काय करतो? उपवर मुलीला त्या ग्रंथाचे पारायण करायला लावतो, लग्न लवकर जमावे म्हणून, आणि नवरा मात्र मामा आणि काका ठरवतात.

अनसूयेच्या कथेतही अशीच एक जागा आहे. दत्तजन्माच्या कीर्तनात आम्ही सांगतो, ब्रह्मा-विष्णू-महेश अतिथी होऊन आले, सतीने त्यांची बाळे केली, मग पाळणा. बायका पाळणा हलवतात, सुंठवडा वाटतात, आनंदीआनंद. मधली गोष्ट घाईने उरकतात. त्या तिघांनी भिक्षा मागताना अट घातली होती, विवस्त्र होऊन वाढ. आणि कथा त्याचा दोष कोणाला देते? तिघांच्या बायकांच्या मत्सराला. बरे, ते असो. मला त्या कथेत अनसूयेची युक्ती मोठी वाटते. ती वाद घालत नाही, शाप देत नाही. ती नातेच बदलते. परीक्षा घ्यायला आलेल्याला मांडीवरचे तान्हे करते. मग कोण कोणाची परीक्षा घेणार? महानुभावांच्या परंपरेतही दत्त एकमुखीच आहे, आणि त्या पंथात तेराव्या शतकात महदाइसेने धवळे रचले. लीळाचरित्रात तर चक्रधरस्वामी बायकांच्या विटाळाची गोष्ट शरीरातल्या इतर स्रावांसारखाच एक स्राव म्हणून निकालात काढतात. सातशे वर्षांपूर्वी.

हे झाले पुरुषांनी घेतलेल्या बाईपणाविषयी. ज्या मुळातच बाया होत्या त्यांनी या प्रतीकांचे काय केले, हे पाहणे मला जास्त गोडीचे वाटते, कारण त्यांनी ते वेगळेच केले.

जनाबाई गंगाखेडच्या, नामदेवांच्या घरच्या दासी. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. पुरुष संत देवाला गाठायला बाई झाले. जनाबाईंनी देवालाच बाई केले. तो त्यांच्याबरोबर दळतो, कांडतो, शेणी वेचतो, केस विंचरतो, पाणी भरतो. देवाला दासीच्या कामाला लावले. पुरुषाने बाई होणे हे चार घटकांचे असते, कीर्तन संपले की पदर खाली. जनाबाईंचा देव मात्र पहाटे उठून जात्याला बसतो. आणि त्याला त्या खडसावतातही, शेजारणीशी भांडावे तसे. बाईचा जन्म म्हणून खंत करू नये असे त्या स्पष्ट सांगतात, आणि लोकलाज सोडून वीणा-टाळ घेऊन भर बाजारात निघण्याची भाषा करतात. ही भाषा बोलणारी बाई तेव्हा कोण समजली जाई ते जनाबाईंना पुरते ठाऊक होते, आणि ते नावही त्या स्वतःला लावून घेतात. तुकोबांनी पुढे विराणीत जे तोंड घेतले त्याची वाट जनाबाईंनी आधी चालून ठेवली होती, आणि त्यांच्यासाठी ती उपमा नव्हती.

देव बाईची जागा घेतो ही कल्पना मग कथांतही उतरली. चोखोबांच्या सोयराबाईचे बाळंतपण करायला पांडुरंग नणंदेच्या, निर्मळेच्या रूपाने आला. कराडच्या सखूला सासरच्यांनी बांधून घातले तेव्हा तो सखू होऊन बांधून राहिला आणि सखू पंढरीला गेली. पुढची गंमत अशी, की सखू तिकडे देह ठेवते आणि देव इकडे सून होऊन अडकतो. शेवटी रखुमाईलाच सखूला उठवावे लागते, कारण त्याशिवाय तिचा नवरा घरी यायचा नाही. प्रभातने १९४१ साली यावर चित्रपट काढला होता, हंसा वाडकर सखू झाल्या होत्या. फिरत्या तंबूत लोक तो पाहून रडत. मला त्यात एक प्रश्न नेहमी पडे. देवाने सखूची सुटका केली, पण सासर तसेच ठेवले. दोरी देवाने स्वतःला बांधून घेतली, तोडली नाही.

सोयराबाईंनी मात्र तोडली, निदान शब्दांत. देह विटाळातूनच जन्मतो, विटाळाशिवाय कोणाचा देह नाही, मग सोवळा कोण, असे त्या विचारतात. इथे रूपक नाही, अलंकार नाही. सरळ प्रश्न आहे, आणि तो बाईने विचारला असल्यामुळे त्याला दुहेरी धार आहे. चोखोबांना वेशीबाहेर ठेवणारा विटाळ आणि बाईला दर महिन्याला बाजूला बसवणारा विटाळ, दोन्ही एकाच वाक्यात सापडतात. पंढरीचा दरवाजा सर्वांना उघडा व्हावा म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. आमच्या अमळनेरला मास्तरकी केलेला, 'श्यामची आई' लिहिणारा हा पुरुष, स्वतःच अर्धा आई होता. विठाईला आई म्हणायचे आणि काही लेकरांना उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हे त्यांना सोसले नाही. आई या प्रतीकाला त्यांनी शब्दाला जागायला लावले.

शिऊरच्या बहिणाबाईंचे (१६२८ ते १७००) लिहिणे मला सर्वांत अवघड वाटते, म्हणून मी त्यावर कीर्तन कमी केले आणि विचार जास्त केला. त्यांनी आपली कथा स्वतः अभंगांत सांगितली आहे. लहानपणी तिशीच्या वराशी लग्न, कोल्हापूरचे दिवस, जयरामस्वामींचे कीर्तन, तुकोबांचा स्वप्नातला उपदेश, आणि ब्राह्मण असून शूद्राला गुरू केले म्हणून नवऱ्याची मारहाण. वेदपुराणे बाईला अधिकार देत नाहीत, मग परमार्थ कसा साधायचा, असे त्या तळमळून विचारतात. आणि त्याच बहिणाबाई पतिव्रतेचा धर्मही सांगतात. देवळातला देव आणि स्वप्नातले गुरू लांब राहिले, समोरचा नवरा हेच दैवत, असेही एके ठिकाणी म्हणून जातात. आजकालच्या मुली विचारतात, मग त्या नेमक्या कोणत्या बाजूच्या? मला वाटते, त्यांना बाजू निवडण्याची चैन नव्हती. नवरा आजारी पडला, त्यांनी सेवा केली, तो बरा झाला, सगळे देहूला गेले, आणि बहिणाबाईंनी तुकोबांचे कीर्तन डोळ्यांनी पाहिले. नवऱ्याला देव म्हणता म्हणता त्यांनी नवऱ्यालाच देवापर्यंत आणले. पुरुष संताला विरहिणी होताना असे हिशेब करावे लागले नव्हते.

आणि मुक्ताई. तिच्याविषयी लिहिताना खानदेशी माणसाची छाती थोडी फुगते, ते वाचकांनी चालवून घ्यावे. आमच्या गावाजवळून जी तापी वाहते ती वर मेहूण-कोथळीच्या शिवारातून, मुक्ताईच्या पायाजवळून येते. तिथून थोड्या अंतरावर पूर्णा-तापीच्या संगमावर चांगदेव. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेला म्हणून परंपरा ज्याचा गौरव करते तो म्हातारा योगी, आणि त्याची गुरू ही कोवळ्या वयाची मुलगी. सगळी शास्त्रे इथे उलटी होतात. वय उलटे, अधिकार उलटा, शिकवणारी बाई आणि शिकणारा पुरुष.

ताटीच्या अभंगांत तर आणखी एक गोष्ट आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबाराय झोपडीचे दार लावून आत बसले आहेत. धाकटी बहीण बाहेर उभी राहून ताटी उघडायला विनवते. ताटी म्हणजे रागाचे, अभिमानाचे दार, हे आपण सांगतोच. पण चित्र पाहा. जगाच्या रीतीने दाराआड बाई असते आणि बाहेरच्या जगाचे ज्ञान असलेला पुरुष बाहेर. इथे रुसून आत बसला आहे तो पुरुष, आणि अंगणात उभी राहून विश्वाची गोष्ट सांगते ती मुलगी. ती ना आई आहे, ना विरहिणी, ना पतिव्रता, ना सासुरवाशीण. पुरुष संतांनी बाईची जेवढी रूपे घेतली त्यातले एकही तिला लागू पडत नाही. तिने ताटी उघडवली नसती तर त्यापुढचे काय काय राहिले असते, ते आपणच मनात आणावे.

आता वीणेविषयी. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पहारे लावतात, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दिंडीत बाया डोईवर तुळस घेतात, पाण्याचा हंडा घेतात, शेकडो कोस चालतात, आणि मुक्कामाला पुन्हा भाकरी थापतात. वीणा बहुतेक ठिकाणी पुरुषाच्याच गळ्यात. नारदाच्या गादीवर आता बाया उभ्या राहू लागल्या आहेत, चांगल्या निरूपण करतात, गर्दी होते. तरीही सप्ताहाची पत्रिका छापताना काही गावांत त्यांचे कीर्तन दुपारी ठेवतात, रात्रीचे मोठे कीर्तन आणि काला पुरुषाकडे. कारण विचारले तर परंपरा म्हणतात. कोणती परंपरा? जनाबाईंनी वीणा घेऊन बाजारात जायचे म्हटले ती, की मुक्ताईने चांगदेवांना उपदेश केला ती?

माझे मत कोणी विचारले नाही, तरी वयाचा अधिकार घेऊन सांगतो. ज्या सप्ताहात पुरुषाने पदर घेऊन गवळण गाइलेली चालते, त्या सप्ताहात पदर असलेल्या बाईच्या गळ्यात वीणा जड होत नाही. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका छोट्या गावी मी सप्ताहाला नुसता ऐकायला म्हणून गेलो होतो. पहाटेच्या पहाऱ्याला वीणेकरी कमी पडले, कापसाची वेचणी चालू होती, गडी थकून झोपले होते. व्यवस्थापकांनी इकडेतिकडे पाहिले आणि स्वयंपाकघरातून दोघींना बोलावले. एक सून, एक तिची सासू. सुनेने हात धुतले, पदर खोचला, वीणा गळ्यात घेतली. सासूने टाळ धरले. दोघी उजाडेपर्यंत उभ्या होत्या.